शाहीर विठ्ठल उमपांचे हसू आणि आपला आक्षेप

दलित साहित्याच्या चर्चेत वेदना आणि विद्रोह या शब्दांना मानाचे स्थान आहे. विनोदाला मात्र आपण दाराबाहेर उभे करतो. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचे मूल्यमापन त्यामुळेच अपुरे राहिले आहे. मुंबईच्या या शाहिराने भीमगीते गायिली, तशीच कोळीगीते, भारूड, गोंधळही जिवापाड जपले.

मी वसई परिसरात मराठी शिकवतो. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला सोपाऱ्याचा स्तूप पाहत वाढलेली बौद्ध मुले माझ्या वर्गात आहेत. ती विचारतात, “सर, १९५६ साली आपण देवदेवता सोडल्या, मग उमपांचे महाभारत का ऐकायचे?” प्रश्न रास्त आहे. उत्तर ‘जांभूळ आख्याना’तच शोधले पाहिजे.

पाच पतींची द्रौपदी कर्णावर भाळते आणि जांभळाच्या निमित्ताने तिला हे सत्य बोलून दाखवावे लागते, अशी ही लोककथा. सत्तरी ओलांडल्यावरही उमप ही द्रौपदी स्वतः उभी करीत. म्हातारा शाहीर लाजू लागला की हशा पिके. पण हसता हसता प्रेक्षक काय मान्य करून बसे? प्रचलित कथेत सूतपुत्र म्हणून भर स्वयंवरात नाकारलेला कर्णच तिला मनातून हवा होता! वर्णव्यवस्थेचा नकार राणीच्या मनानेच खोटा ठरविला. हेच भाषणात सांगितले असते तर अनेकांनी कान झाकले असते.

एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. स्त्रीला आपली इच्छा येथे अपराधासारखी कबूल करावी लागते. तिच्यावर हसायचे की तिला गप्प करणाऱ्या व्यवस्थेवर, हे प्रत्येक प्रयोगात तपासले पाहिजे.

मात्र परंपरा म्हणजे केवळ देव्हारा नव्हे. कातडे आपण कमावले, वाद्य आपण मढवले, वाजवलेही आपणच; मग मालकी दुसऱ्याची का मानावी? देव नाकारता येतो, त्यासाठी चाल आणि बोली टाकून द्यावी लागत नाही. शिकलेल्या पहिल्या पिढीनेच गाणे टाकले, तर ते प्रस्थापितांच्या महोत्सवात शोभेची वस्तू होऊन बसेल.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ‘जय भीम’ म्हणून हा शाहीर व्यासपीठावरच कोसळला. द्रौपदी गाणाऱ्या त्या गळ्याची निष्ठा कोठे होती, हे वेगळे सांगायला नको. विद्रोहाने हसायचे नाही, हा नियम आपण कोणाकडून घेतला?