वास्तू, गोष्ट आणि रेशमाचा चौकोन

रेशमी स्कार्फवर वास्तू आणि गोष्ट एकत्र मांडायची कला महाराष्ट्रात अजून रांगतेच आहे. याची मला खंत वाटते, कारण दोन्हींचा साठा आपल्याकडे अपार आहे.

मागावरच्या रेशमाला वास्तू नवी नाही. विदर्भातल्या टसरचा करवती काठ पाहा. काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा. दोन रंगांचे बाणे जिथे एकमेकांत अडकतात तिथे करवतीचे दाते उमटतात. ही पायरी-पायरीची रेघ विणीच्या गरजेतून आली, तरी तिच्यात देवळाच्या शिखराची चढण दिसते. पैठणीचं कमळ आणि मोर याच अडकवणीतून विणले जातात, म्हणून त्यांच्या कडा जवळून पायरीदार दिसतात आणि कापडाची उलट बाजूही सुलटीइतकी देखणी असते. औरंगाबादच्या हिमरूने अजिंठ्याचे नक्षीबंध शालींवर उतरवले. पण हे सगळं नक्षीपाशी थांबतं. अजिंठ्याची भिंत जातककथा सांगते. शालीवर येताना त्यातलं फूल तेवढं आलं, कथा भिंतीवरच राहिली.

छपाईने हात मोकळा केला. रेघ वळवायला आता विणीची अडचण नाही. तरी आज बाजारातले बहुतेक ‘वारली’ स्कार्फ निराश करतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणून जगापुढे ठेवली, तेव्हा त्यांच्या चित्रात अख्खा गाव नांदत होता. स्कार्फवर उरतो तो तारपा नाचाचा फेर. तोच ठसा, बोटभर अंतर सोडून, पुन्हा पुन्हा. चित्र करणाऱ्याचं नावही क्वचितच असतं.

पॅरिसच्या हर्मेसने 1937 साली पहिला रेशमी स्कार्फ काढला. त्यांचा नव्वद सेंटिमीटरचा चौकोन आज जगभर ओळखला जातो. प्रत्येक रंगाला छपाईची वेगळी चौकट लागते, कडा हाताने वळून शिवतात. ही मेहनत थोर आहेच, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रचनेचा विचार. स्कार्फ पूर्ण पसरलेला फार थोडा वेळ दिसतो. एरवी तो गळ्यात घडी घालून असतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला स्वतःचं काही सांगता आलं पाहिजे, आणि उलगडल्यावर सगळे कोपरे एका मध्याशी बोलले पाहिजेत.

अशी रचना शिकायला परदेशी जायला नको. मेहकरमार्गे लोणारला जावं. तिथल्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंती सरळ जात नाहीत. कोनाकोनांनी मोडत तारकाकृती होतात, आणि प्रत्येक कोनावर ऊन वेगळं पडतं. आत मान वर केली की छताच्या शिळेवर पुराणप्रसंग कोरलेले दिसतात. दगडाच्या चौकटीत बसवलेली गोष्ट! चित्रकाराला आणखी काय हवं? बाहेरच्या भिंतीचे कोन काठाला घ्यावेत, छतावरचा प्रसंग मध्यावर.

मेहकरच्या कंचनीच्या महालाची दंतकथा तर रेशमासाठीच जन्मली असावी. महालावरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा, या हट्टाने कंचनीने मजल्यावर मजला चढवला, तरी तिला ते साधलं नाही, असं एका कथेत सांगतात. ना. घ. देशपांड्यांनी हा महाल कवितेत आणला. स्कार्फवर तो अजून माझ्या पाहण्यात नाही. एका कोपऱ्यात महाल, समोरच्या कोपऱ्यात दिवा, मधलं सगळं अंतर निळं-काळं मोकळं. घडी घातली की महाल आणि दिवा एकमेकांना भिडतील. कंचनीला जे साधलं नाही ते कापडाला साधेल.

गोष्ट क्रमाने कशी दाखवायची हे पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींना पुरतं ठाऊक आहे. त्यांच्या पोथीत एकेका कागदावर एकेक प्रसंग असतो; गाताना एक चित्र खाली जातं, दुसरं वर येतं. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, त्यामुळे या परंपरेकडे पुन्हा लक्ष गेलं. स्कार्फ काढणाऱ्यांनी मात्र तिथून टपोरे डोळे आणि ठसठशीत रेघच उचलली. एका आख्यानाचे पाच-सहा स्कार्फ, क्रमाने, चित्रकथीशी सल्लामसलत करून, त्याला मोबदला देऊन आणि त्याचं नाव कडेला छापून का निघू नयेत? संग्राहक असा संच आनंदाने घेईल, आणि पुढचा प्रसंग कधी येतो म्हणून विचारतही राहील.