पहिली आवृत्ती, पण कोणती?

अमेरिकन कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमविणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि जन्मभर सरकारी दफ्तरे सांभाळल्यामुळे पहिल्या मसुद्यावर आमचा विश्वास बसत नाही. हर्मन मेलव्हिलची ‘मोबी-डिक’ प्रथम निघाली ती लंडनमध्ये, ऑक्टोबर १८५१ मध्ये, ‘द व्हेल’ या नावाने. तीन खंड, अवघ्या ५०० प्रती. मजकुरास कात्री लागलेली, आणि उपसंहार तर गायबच! सारे बुडाले, मग निवेदक कथा सांगावयास उरला कसा, असे तिकडच्या काही समीक्षकांनी विचारले. ठपका मात्र आला लेखकावर. उत्तर नोव्हेंबरातील न्यूयॉर्कच्या आवृत्तीत होते. तिच्या न खपलेल्या बऱ्याच प्रती १८५३ साली हार्पर प्रकाशनास लागलेल्या आगीत जळाल्या. संग्राहकाने लंडनची प्रत खुशाल मिरवावी. मेलव्हिल वाचावयाचा तर आम्ही न्यूयॉर्कचाच पाठ हाती घेऊ.