दाणा कुणाचा, चेहरा कुणाचा?

आज घोटीत बोलतोय, तर घोटीच्या पावसापासूनच सुरुवात करू. आवणीचे दिवस, कळसूबाई ढगात गेलेली, भाताच्या खाचरात वाकलेल्या बाया. असा कृष्णधवल फोटो काढला की आपण त्याला दाणेदार करतो, काळा-पांढरा कडक करतो. का करतो, हे मात्र स्वतःला विचारत नाही.

या शैलीचं मोठं उदाहरण जपानचं. 1968-69 मध्ये टोकियोत ‘प्रोव्होक’चे तीन अंक निघाले. दाइदो मोरियामा दुसऱ्या अंकापासून त्यात आले. खरखरीत, हललेलं, फोकसबाहेरचं चित्र त्यांनी मुद्दाम स्वीकारलं, कारण गुळगुळीत, नेटक्या फोटोवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. आपण त्यातला दाणा तेवढा उचलला, अविश्वास तिथंच ठेवला.

आता तंत्र बघा. 400ची फिल्म 1600 धरून वापरली, की तिला दोन स्टॉप, म्हणजे चौपट कमी प्रकाश मिळतो. मग डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवतो. त्यानं उजळ भाग वर चढतात, दाणा वाढतो. पण सावलीत जिथं प्रकाश पोचलाच नाही, तिथं डेव्हलपर काय उठवणार? आणि आमच्या फोटोत सावलीत काय असतं? इरल्याखालचा सावळा चेहरा! म्हणजे आकाश नाट्यमय झालं आणि बाई नाहीशी झाली. आम्ही याला शैली म्हणत नाही.

सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरची कृष्णधवल मालिका आठवा. तिथं काळोख आहे, घाण आहे, पण तो काळोख कामाचा आहे. माणूस सजावटीसाठी त्यात बुडवलेला नाही. 2016 मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला मात्र त्या कामाचा खरा मान त्या ओळखू येणाऱ्या माणसांत दिसतो.

मग दाणा सोडायचा का? मुळीच नाही. पावसाळी उजेड सपाटच असतो, त्याला कॉन्ट्रास्ट लागतोच. फक्त मीटर आकाशावर नको, इरल्याखाली धरा. 400ची फिल्म 400लाच वापरा, डेव्हलपिंग थोडं वाढवा, प्रिंट चार नंबरच्या कडक कागदावर काढा. दाणाही येईल, चेहराही राहील.

आणि ती प्रिंट आधी त्या बाईला दाखवा. ‘ही मीच का?’ असं तिनं विचारलं, तर परत डार्करूममध्ये जायचं.