अनुकृतीची शाळा : चँडलरच्या पूर्वलेखनाचें मूल्य

ग्रंथकाराची अखेरची शुद्ध प्रत हातीं आली म्हणजे त्याचे खर्डे व आधींचे पाठ जपण्याचें कारण उरत नाहीं, असा एक समज संग्राहकांत आढळतो. तो किती घातक आहे हें दाखविण्यासाठीं आम्ही मुद्दाम आमच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचें, अमेरिकेंतील रहस्यकथेचें उदाहरण घेतों.

रेमंड चँडलर (१८८८–१९५९) शिकागो येथें जन्मला. शिक्षण लंडनमधील डलिच कॉलेजांत, लॅटिन व ग्रीक यांच्या पायावर झालें. १९३२ सालीं तेलकंपनींतील नोकरी गेल्यावर तो स्वस्त कागदावरील 'पल्प' मासिकांकडे वळला. त्यासाठीं त्यानें अर्ल स्टॅन्ले गार्डनर या यशस्वी लेखकाची एक कथा घेऊन तिचें तपशीलवार टिपण केलें, त्या टिपणावरून कथा स्वत: लिहिली, मग ती मुळाशीं ताडून पाहिली, आणि जेथें उणें आढळलें तेथें पुन्हा लिहिली. उसनी असल्यामुळें ती विकतां येण्याजोगी नव्हती. ही हकीकत त्यानें १९३९ सालीं खुद्द गार्डनरला पत्रानें कळविली. मम्मटानें शक्ति व निपुणता यांच्या जोडीस जो अभ्यास सांगितला, तो हाच. मात्र येथें गुरूच्या जागीं छापील पान होतें.

पहिली स्वतंत्र कथा लिहिण्यास पांच महिने लागले. ती 'ब्लॅक मास्क' मासिकाच्या डिसेंबर १९३३ च्या अंकांत आली. मोबदला मिळाला १८० डॉलर.

पुढें गार्डनरवर केलेला प्रयोग त्यानें स्वत:च्याच लेखनावर केला. 'द बिग स्लीप' (१९३९) ही कादंबरी मुख्यत: 'किलर इन द रेन' (१९३५) व 'द कर्टन' (१९३६) या दोन कथा सांधून झाली आहे. राजशेखरानें परक्याच्या शब्दार्थहरणाचे प्रकार सविस्तर सांगितले. स्वगृहींची ही चोरी त्यानें कोणत्या कोटींत घातली असती कोण जाणे! 'द कर्टन'मध्यें खून एका लहान मुलाच्या हातून होतो. कादंबरींत तो दोष दुसऱ्या कथेंतील कार्मेनकडे आला, आणि दोन कुटुंबांचें एक झालें. वृद्ध जनरलची काचगृहांतील भेट कथेंत कामगिरी सोपविण्यापुरती होती. कादंबरींत विस्तारून ती एका विझत्या आयुष्याचें चित्र झाली. लाभ उघड आहे. पण सांधाही दिसतो : मोटारचालकाचा मृत्यु कोणाच्या हातून झाला, याचा निश्चित उलगडा शेवटपर्यंत होत नाहीं. कथानकाच्या बांधणींत हा दोषच म्हटला पाहिजे. मात्र चँडलरची दृष्टि कथानकाहून प्रसंगावर अधिक होती, हेंही त्यावरूनच कळतें.

कादंबऱ्यांत विरघळविलेल्या या कथा चँडलरनें हयातींत आपल्या संग्रहांत घेतल्या नाहींत. त्या १९६४ सालीं पुस्तकरूपानें निघाल्या. लेखकाचा संकोच आम्हांस समजतो, तरी तो येथें प्रमाण मानतां येत नाहीं. जुने अंक कोणीं बांधून ठेवले नसते, तर त्याची कला कशी घडली हें आज केवळ तर्कानें सांगावें लागलें असतें.

मराठींत बाबुराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. अशा स्वस्त पुस्तकांची वाट बहुधा रद्दीकडे जाते. ज्यांच्याजवळ असे साहित्य, विशेषत: लेखकांचे खर्डे, असतील त्यांनीं ते पोथीइतक्याच काळजीनें जपावें, अशी आमची विनंती आहे.