हिप-हॉप : वस्ती आणि घाट

हिप-हॉप हे दारिद्र्याचे उत्स्फूर्त संगीत होय, असे वारंवार म्हटले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात महामार्गासाठी वस्त्या उठविल्या गेल्या, ही त्याची पार्श्वभूमी. त्याचा घाट मात्र कारागिरीतून सिद्ध झाला. १९७३ मध्ये तेथे वादनास आरंभ करणाऱ्या, जमैकात जन्मलेल्या कूल हर्क याने एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती आलटून पालटून फिरवीत केवळ तालवाद्यांचा तुकडा लांबविला.

‘द मेसेज’ (१९८२) ही रचना वस्तीच्या वेदनेची साक्षात वाणी मानली जाते. परंतु तिचा मोठा भाग ड्यूक बूटी या स्टुडिओतील वादकाने रचला. ग्रँडमास्टर फ्लॅशचा वृंद प्रथम तिच्याविषयी नाखूषच होता, आणि त्यांपैकी एकट्या मेली मेलनेच तीतील कडवी म्हटली. यामुळे तिची सत्यता उणावत नाही. अनुभव रचनेत उतरला म्हणूनच तो परक्यांना पोचला, एवढेच यावरून दिसते.

घाटच देशांतरी गेला. एम. सी. सोलार याने तो फ्रेंचमध्ये, तर डिव्हाईन व नेझी यांनी ‘मेरे गली में’मध्ये (२०१५) मुंबईच्या हिंदीत रुजविला. जेथे केवळ पेहरावाचे अनुकरण होते, तेथे वस्तीही हरवते आणि घाटही पोकळ राहतो. तेव्हा या संगीताची परीक्षा गायकाच्या दारिद्र्यावरून नव्हे, तर त्याची बोली लयीत कितपत मुरली यावरून व्हावयास हवी.