‘मेंदूचा रोग’ : एका संज्ञेची चिकित्सा

रोगाचे नाव हे केवळ ओळखीचे चिन्ह नसते. रोगाचे मूळ कोठे शोधावयाचे, याचा निर्देशही त्यात दडलेला असतो. अंगाचा कंप, वाणीची जडता, स्मृतिभ्रंश ही लक्षणे मज्जासंस्थेची. म्हणून त्यांच्यामागील सर्व ऱ्हासांना मराठीत सरसकट ‘मेंदूचा रोग’ म्हटले जाते. या प्रयोगातील षष्ठी मात्र संदिग्ध आहे. ‘मेंदूचा’ म्हणजे मेंदूत दिसणारा, की मेंदूपासून उद्भवलेला? व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ संभवतात. व्यवहारात दुसराच गृहीत धरला जातो.

या गृहीताची कसोटी पाहण्यास विल्सनच्या रोगाचे उदाहरण उद्बोधक ठरावे. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्याचे वर्णन केले. निबंधाच्या शीर्षकात त्यास कौटुंबिक मज्जाविकार म्हटले असून यकृतकाठिण्याचा उल्लेख ‘सोबत आढळणारे’ एवढाच आहे. वस्तुतः यकृताच्या विकारातून निर्माण होणारे एखादे विष मेंदूतील मसुराकृती केंद्राचा नाश करीत असावे, असा तर्क खुद्द विल्सन यांनीच केला होता. विवेचनातील हा कार्यकारणभाव शीर्षकात गौण ठरला. या रोगाचे जनुक १९९३ साली सापडले. त्यातील दोषामुळे जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याचे यकृताचे कार्य अडते. तांबे प्रथम यकृतात साठते. मग रक्तावाटे मेंदूत व डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या कडेला उतरते. यकृताचे प्रत्यारोपण केल्यास तांब्याच्या उत्सर्जनातील मूळ दोष दूर होतो. ऱ्हास मेंदूत खरा, उगम यकृतात.

पिंपरी-पुणे परिसराच्या इतिहासात या विषयाचे दोन धागे सापडतात. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना १९५४ साली स्थापन झाला व पेनिसिलिनसाठी ख्यात झाला. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली विल्सनच्या रोगावर सुचविलेले पेनिसिलॅमिन हे त्याच पेनिसिलिनच्या विघटनातून मिळते. ते तांब्याशी बद्ध होऊन त्यास लघवीवाटे बाहेर नेते. दुसरा धागा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचा. तेथील भावे व पंडित यांनी टॅनर यांच्यासह १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये, तांब्या-पितळेच्या भांड्यांतील दूध तान्ह्या मुलांना पाजणे हे बालयकृतकाठिण्याचे संभाव्य कारण म्हणून मांडले. हा रोग विल्सनचा नव्हे. एकात तांबे बाहेरून अतिरेकाने येते, दुसऱ्यात ते आतून बाहेर जात नाही. परंतु येथेही नावातील अवयव हे केवळ स्थान आहे. कारण स्वयंपाकघरात होते.

याच्या उलट टोकाचा आग्रहही तितकाच सदोष आहे. ‘कंपवात’ या संज्ञेत वात आहे आणि आयुर्वेदात वाताचे मुख्य स्थान पक्वाशय मानले आहे. ब्राक यांनी २००३ साली पार्किन्सनच्या रोगाचा आरंभ आतड्यात होत असावा, असे अनुमान मांडले. एवढ्यावरून प्राचीनांस हे ज्ञात होते असे म्हणणे म्हणजे शब्दसाम्यालाच पुरावा मानणे होय. शिवाय ब्राक यांचे अनुमान सर्व रुग्णांस लागू पडत नाही. विल्सनच्या रोगातील कार्यकारणाची साखळी जशी दुव्यादुव्याने सिद्ध झाली आहे, तशी ती येथे नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक प्रांतांतून आलेले कामगार परक्या भाषेत व्यवहार करतात. एखाद्या तरुणाचे उच्चार अस्पष्ट होऊ लागले, तर तो परभाषेचा परिणाम किंवा व्यसनाचा दोष समजला जाणे सहज शक्य आहे. विल्सनच्या रोगात हे आरंभीचे लक्षण असू शकते. वेळीच औषध मिळाल्यास पुढील ऱ्हास रोखता येतो. शिवाय रोग्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडास तो असण्याची शक्यता चारांत एक असते. त्यांचीही तपासणी आवश्यक ठरते. प्रश्न ‘मेंदूत काय बिघडले’ येथेच थांबला, तर यकृत आणि भावंडे दोन्ही नजरेआड राहतात. म्हणून परिभाषाकारांनी रोगाचे स्थान व उगम निरनिराळे दाखवावेत. ‘यकृतजन्य मज्जाऱ्हास’ ही संज्ञा बोजड खरी. पण षष्ठीने झाकलेली पंचमी ती उघड करते.