मुंगी आणि मजूर

बा. सी. मर्ढेकर हे यंत्रयुगाचे कवि, असें म्हणण्याचा प्रघात आहे. १९४७ सालीं त्यांच्या 'कांहीं कविता' प्रसिद्ध झाल्या आणि गिरण्यांची व आगगाड्यांची मुंबई मराठी काव्यांत निष्ठुरपणें अवतरली, हें आम्हांसही मान्य आहे. त्या गर्दींत मर्ढेकरांना माणसाची मुंगी झालेली दिसते. नभोवाणीवरील हा अधिकारी स्वतःलाही मुंग्यांतच मोजतो, हें त्याचें मोठेपण. परंतु मुंगीला नांव नसतें, रोजमुराही नसतो. नारायण सुर्वे हे गिरणीकामगारानें उचलून वाढविलेलें पोर. त्यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांत तोच मजूर आपल्या नांवानें बोलतो, भांडतो, प्रसंगीं हंसतो. मर्ढेकरांची प्रतिमाशक्ति सुर्व्यांजवळ नाहीं, त्यांच्या कांहीं रचना तर सभेसाठींच लिहिल्यासारख्या वाटतात (आणि सभेंत त्या रंगतही!). तथापि दिवसभर संगणकापुढें बसून संध्याकाळीं 'आज आपण केलें तरी काय?' असें स्वतःस विचारणारा एखादा तरुण आमच्याकडे आला, तर त्याच्या हातीं आम्ही प्रथम सुर्वेच देऊं. मर्ढेकर तो पुढें आपणहून शोधून काढील.